बस्त्याचे बिल कार्डाने : भाड्याआधी दर विचारा

प्रश्न : सांगलीच्या कापडपेठेत आमचे साड्यांचे व लग्नाच्या बस्त्याचे दुकान असून सासरे आणि मी मिळून ते सांभाळतो. दुकानात क्यूआर कोड व साउंडबॉक्स आहे. मात्र बस्ता बांधायला आलेली मंडळी आता “कार्ड चालते का” असे विचारतात आणि नाही म्हटले की काही वेळा समोरच्या दुकानात जातात. आमच्यासमोर तीन पर्याय आहेत. एक बँक भाडे न घेता मशीन देते. पण तिच्याकडे करंट खाते उघडून त्यात सरासरी पन्नास हजार रुपये शिल्लक ठेवावी लागेल. एका कंपनीचा प्रतिनिधी महिना पाचशे रुपये भाडे आणि “सगळ्या कार्डांना सरसकट १.९९ टक्के” असे सांगतो. तिसरे, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचे छोटे यंत्र एकदाच विकत घेता येते. सासऱ्यांचे म्हणणे असे की मशीन घेतले तर दोन टक्के गिऱ्हाइकाकडून घ्यावेत. शिवाय मशीन आले की आयकरवाले मागे लागतात, अशी त्यांना धास्ती आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात तीन मशीनची माहिती आहे, परंतु दुकानातील बिलांविषयी एकही ओळ नाही, आणि निर्णयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तुळशीच्या लग्नापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतची गेल्या हंगामाची बिलबुके काढावीत आणि दोन हजारांच्या आतली बिले किती, दहा-पंधरा हजारांची किती आणि लाखाच्या घरातली किती, एवढे सासऱ्यांसोबत बसून पाहावे. सुटी साडी नेणारे गिऱ्हाईक आज यूपीआयने पैसे देते आणि उद्याही देईल. त्या पैशांवर आपल्याला काही मोजावे लागत नाही, कारण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड या दोन्हींवर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचे शुल्क, घेता येत नाही. तेव्हा मशीनमुळे क्यूआर कोड काढून ठेवण्याचे कारण नाही. मशीन लागणार आहे ते बस्त्यासाठी. सर्वसाधारण खरेदीसाठी यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख रुपये असते, काही बँका ती त्याहूनही कमी ठेवतात, आणि शालू, आहेराच्या साड्या, मानपानाची कापडे असे सगळे एका बिलात आले की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. पैसे पुढच्या महिन्यात भरायची सोय म्हणून क्रेडिट कार्ड पुढे करणारे कुटुंबही याच गिऱ्हाइकांत असते.

आता दराकडे येऊ, कारण खरा खर्च तिथे आहे. गिऱ्हाइकाचे कार्ड चालले की बिलातील काही भाग कार्ड देणारी बँक, कार्डाचे जाळे चालवणारी कंपनी आणि आपल्याला मशीन देणारी बँक यांच्यात वाटला जातो; तो कापून उरलेली रक्कम आपल्या खात्यात येते. डेबिट कार्डांवर हे शुल्क किती असावे याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेली आहे आणि ती १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. मागील आर्थिक वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर मशीनवरील डेबिट व्यवहाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के आणि एका व्यवहारामागे दोनशे रुपयांपर्यंत, तर उलाढाल त्याहून अधिक असेल तर ०.९० टक्के आणि एका व्यवहारामागे एक हजार रुपयांपर्यंत शुल्क घेता येते. बस्त्याच्या दुकानाची उलाढाल बहुधा वीस लाखांच्या पुढे असणार, म्हणून मी पुढे ०.९० टक्के धरून हिशेब करतो. क्रेडिट कार्डांवर अशी मर्यादा नाही. तिथे दर बोलून ठरतो आणि साधारण दीड ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान राहतो. परदेशी आणि कंपन्यांच्या नावावरील कार्डांचा त्याहूनही चढा असतो. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, मात्र कार्डाने झालेला एखादा व्यवहार दोन हजार रुपयांपर्यंतचा असेल तर त्यावरील शुल्काला तो माफ आहे.

यावरून “सगळ्या कार्डांना सरसकट १.९९ टक्के” या बोलीत काय दडले आहे ते लक्षात येईल. रुपे डेबिट कार्डावर शून्य आणि इतर डेबिट कार्डांवर फार तर ०.९० टक्के शुल्क घेता येत असताना त्या सर्वांना १.९९ टक्के लावणे मुळात नियमाला धरून नाही. प्रतिनिधीला हे तोंडावर विचारले की बहुतेक वेळा तो “तो दर फक्त क्रेडिटचा” असे म्हणून सावरून घेतो. तसे असेल तर कार्डाच्या प्रत्येक प्रकारापुढे दर लिहिलेला कागद त्याने सहीशिक्क्यानिशी द्यावा. समजा, लग्नसराईच्या एका महिन्यात तीन लाखांची बिले कार्डाने झाली, त्यांत साठ हजार रुपे डेबिटने, साठ हजार इतर डेबिट कार्डांनी आणि एक लाख ऐंशी हजार क्रेडिटने आले, आणि प्रत्येक बिल दोन हजारांच्या वरचे होते. सरसकट दराने ५,९७० रुपये आणि त्यावर जीएसटी धरून सुमारे ७,०४५ रुपये जातील. तोच हिशेब प्रकारवार लावला, रुपे डेबिटला शून्य, इतर डेबिटला ०.९० आणि क्रेडिटला १.७५ टक्के धरले, तर शुल्क ३,६९० रुपये आणि जीएसटीसह सुमारे ४,३५४ रुपये होते. एका महिन्यात २,६९० रुपयांचा फरक पडतो, आणि पाचशे रुपये भाड्यावर घासाघीस करताना नेमका हाच आकडा दुकानदाराच्या नजरेतून सुटतो. (जीएसटीची नेहमीची नोंदणी असल्यास या १८ टक्क्यांची आपण भरायच्या जीएसटीतून वजावट मिळते, कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याच्या योजनेत, असल्यास मिळत नाही. आपल्या कर सल्लागारांना हे ठाऊक असेलच.)

बँकेचे मशीन विनाभाड्याचे आहे, हेही तितकेसे खरे नाही. पन्नास हजार रुपये बिनव्याजी पडून राहणार आणि त्याच वेळी माल भरण्यासाठी आपण कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचे खेळते कर्ज, वापरत असाल, तर ११ टक्के व्याजाने त्या पन्नास हजारांची वर्षाची किंमत ५,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४५८ रुपये होते. भाड्याच्या पाचशेपेक्षा हे फार वेगळे नाही. शिल्लक त्या आकड्याखाली गेली तर दंड किती, सरासरी महिन्याची धरतात की तिमाहीची, आणि कार्डांवरची उलाढाल ठरावीक रकमेच्या वर गेल्यास शिल्लकीची अट सैल होते का, हे बँकेला विचारावे. सांगलीत बहुतेकांचे जुने खाते कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेत असते आणि ते मोडण्याची आवश्यकता नाही. मशीनचे पैसे त्याच खात्यात जमा करून देता का, हे आधी विचारून घ्यावे, कारण काहींना ते शक्य असते आणि काही आपल्याच खात्याचा आग्रह धरतात.

मोबाइलला जोडायच्या छोट्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो : ते आपल्यासाठी नाही. घरपोच सेवा देणाऱ्याला किंवा प्रदर्शनात चार दिवस दुकान मांडणाऱ्याला ते उपयोगी आहे. पण त्यात बहुधा छपाई नसते, मोबाइलची बॅटरी उतरली की व्यवहार थांबतो, आणि लाखाचे बिल देणाऱ्या माणसाला कागदी स्लिप हातात हवी असते. आपल्याला सिम, वायफाय आणि छपाई असलेले, हातात उचलून नेता येणारे मशीन लागेल. हातात उचलण्याचा मुद्दा मी मुद्दाम लिहितो. बस्त्याच्या वेळी गादीवर दहा माणसे बसलेली असतात, कार्ड पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचे असते, ते घेऊन वडील आलेले असतात, आणि पिन फोनवर विचारून सगळ्यांसमोर मोठ्याने आकडे सांगितले जातात. हे आपल्या दुकानात होऊ देऊ नये. मशीन कार्डधारकाच्या हाती द्यावे आणि पिन त्यानेच दाबावा. नोकराने तो विचारून दाबला आणि पुढे त्या कार्डावर दुसरीकडे कुठे गैरव्यवहार झाला, तरी संशय दुकानावर येतो. कार्डधारक हजर नसेल तर त्याने स्वतःच्या मोबाइलवरून यूपीआयने पैसे पाठवावेत, हे उत्तम. पाच हजारांपर्यंतचे बिल कार्ड मशीनला नुसते टेकवून पिनशिवाय होऊ शकते, ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. परंतु पंचवीस हजारांचे बिल पाच तुकड्यांत टेकवून घेण्याचा उद्योग कोणी सुचवला तर साफ नकार द्यावा.

मशीन घेण्यापूर्वी ते ऐन बाजाराच्या वेळी गल्ल्यापाशी चालवून पाहण्याचा आग्रह धरावा. पेठेतील जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असतात, दुकानाच्या तोंडाशी रेंज मिळते आणि आतल्या गादीपाशी ती जाते. तेव्हा दोन कंपन्यांची सिमे चालणारे किंवा आपल्या वायफायला जोडता येणारे मशीन घेतलेले बरे. आणखी एक गोष्ट सांगलीकरांना वेगळी सांगायला नको. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. भाड्याचे मशीन ही बँकेची किंवा कंपनीची मालमत्ता असते, त्यामुळे ते पाण्यात गेले तर भरपाई किती आणि कोणी करायची, हे करारात वाचावे आणि पुराचा इशारा आला की हिशेबाच्या वह्यांबरोबर तेही वरच्या मजल्यावर न्यावे.

आता सासऱ्यांच्या दोन टक्क्यांविषयी. डेबिट कार्डावरील शुल्क दुकानदाराने गिऱ्हाइकावर टाकू नये, याची खबरदारी बँकांनी घ्यावी, असे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट म्हटले आहे. क्रेडिट कार्डाबाबतही दुकानदाराशी होणाऱ्या करारात असे कलम बहुधा असतेच. पेठेत अनेक जण तरीही घेतात, हे मला माहीत आहे; परंतु तक्रार झाली तर मशीन बंद होते, आणि त्याआधी गिऱ्हाईक दुखावते. त्यापेक्षा बस्त्याच्या व्यवहारातच एक साधी वाट आहे. बस्त्यावर सूट द्यावी लागते आणि ती शेवटी घासाघीस करून ठरते. एरवी होते असे, की सूट ठरते, बिल बनते आणि मग माणूस खिशातून क्रेडिट कार्ड काढतो. सूट बोलण्यापूर्वी “पैसे कसे देणार” हे विचारून घ्यावे आणि त्याप्रमाणे सूट ठरवावी. सासऱ्यांना ही कला मशीनवाल्या प्रतिनिधीपेक्षा अधिक येत असणार.

मात्र जादा सवलतीच्या आमिषाने सगळा बस्ता रोखीत घेण्याच्या फंदात पडू नये. आयकर कायद्यानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी, किंवा एकाच प्रसंगाशी संबंधित व्यवहारांपोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. लग्न हा एकच प्रसंग धरला जातो, त्यामुळे साखरपुड्याच्या आठवड्यात एक लाख वीस हजार आणि लग्नाआधी नव्वद हजार अशी वेगवेगळ्या दिवशी रोख घेतली, तरी नियम मोडतो आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो. मोठ्या बस्त्याला कार्ड हे दुकानदाराचेही संरक्षण आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

आयकराच्या धास्तीबाबत सासऱ्यांना एक गोष्ट दाखवावी. त्यांच्या साउंडबॉक्सवर आलेला प्रत्येक रुपया आजही बँकेत नोंदला जातो. कार्डाने त्यात वेगळे काही होणार नाही. उलट, ज्यांची उलाढाल दोन कोटींपर्यंत आहे (रोखीची आवक पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत), त्या लहान व्यावसायिकांना अंदाजित नफा दाखवून कर भरण्याची जी सोय आहे, तिच्यात रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरावा लागतो आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के चालतो. ही सोय आपण घेत असाल तर कार्डाने आलेल्या प्रत्येक लाखामागे दाखवायचा नफा दोन हजारांनी कमी होतो. जीएसटीचा प्रश्न वेगळा. मालविक्रीची उलाढाल चाळीस लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते. ती रोखीने गेली की कार्डाने, याने फरक पडत नाही. ज्यांनी प्रत्यक्षातली उलाढाल कमी दाखवली आहे त्यांनाच मशीनची भीती वाटायला हवी, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे सल्ला नाही.

हिशेबात मात्र एक चूक सर्रास होते, तिच्याकडे लक्ष द्यावे. पन्नास हजारांचे बिल क्रेडिट कार्डाने झाले आणि दर १.७५ टक्के असला, तर ८७५ रुपये शुल्क आणि १५७.५० रुपये जीएसटी कापून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी खात्यात ४८,९६७.५० रुपये येतात. वहीत विक्री पन्नास हजारच लिहावी आणि कापलेले १,०३२.५० रुपये वेगळे दाखवावेत. जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून लिहिली की वर्षअखेरीस बिलबुके आणि विवरणपत्र जुळत नाहीत. रोज रात्री मशीनमधून दिवसाची बेरीज छापून बिलांशी ताडून पाहावी. काही मशीनवर दिवसाचा हिशेब आपणच बंद करावा लागतो आणि ते राहिले तर पैसे अडकतात, हे मशीन बसवणाऱ्याकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्यावे. क्यूआर कोडवरून कोणी यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाने पैसे दिले, तर लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंत शुल्क नसले तरी त्यापुढे ते लागू शकते. आज आपल्या खात्यात अधूनमधून थोडी कमी रक्कम येत असेल तर हे त्याचे कारण असू शकते.

तिघांपैकी कोणाचे घ्यावे, याविषयी माझा कल बँकेकडे आहे, मात्र ती डेबिटचे दर वर सांगितलेल्या मर्यादेत आणि क्रेडिटचा दर दोन टक्क्यांच्या आत लेखी देत असेल तरच. कंपनीने प्रकारवार दर याहून चांगले दिले तर तिच्याकडे जायला हरकत नाही; पण आधी एक पडताळणी करावी. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दुकानात समोरासमोर होणारी देवाणघेवाण हाताळणाऱ्या पेमेंट ॲग्रीगेटर (गिऱ्हाइकांचे पैसे गोळा करून दुकानदाराला पोचवणाऱ्या) कंपन्यांनाही आपल्या परवान्याच्या चौकटीत घेतले. ही कंपनी स्वतः पैसे गोळा करून आपल्याला देणार असेल, तर तिचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत शोधावे. नाव नसेल तर मशीन कितीही देखणे असो, लग्नसराईचे पैसे तिच्या हातातून फिरू देऊ नयेत.

करारातील बारीक अक्षरे वाचताना किती महिने मशीन परत करता येणार नाही, आधी परत केल्यास काय भरावे लागेल, महिन्याला ठरावीक रकमेची बिले न झाल्यास जादा भाडे लागते का, आणि कागदी रोल व सिमचे पैसे कोणी द्यायचे, एवढे अवश्य पाहावे. आपला धंदा हंगामी आहे. आषाढ-श्रावणात मशीन जवळपास पडून राहील, त्यामुळे किमान उलाढालीची अट आपल्याला इतरांपेक्षा अधिक महागात पडेल. भाडे खात्यातून आपोआप वळते करण्याच्या संमतीवर सही करताना कमाल रक्कम किती लिहिली आहे ते पाहावे. पॅन, शॉप ॲक्ट आणि रद्द केलेला धनादेश ही कागदपत्रे मागितली जाणे रास्त आहे. प्रतिनिधीने आपला मोबाइल हातात घेऊन ओटीपी स्वतः टाकणे रास्त नाही.

मशीन आल्यावर महिन्याभरात कोणीतरी येऊन “वीस हजार कार्डावर घासा, पाचशे कापून रोख द्या” असे म्हणेल, आणि तो बहुधा ओळखीचाच असेल. विक्री नसताना क्रेडिट कार्ड चालवून रोख देणे हा कराराचा भंग आहे, आणि त्यापायी मशीनही जाते व नावही खराब होते. साडी परत आली तरी हेच लक्षात ठेवावे : कार्डाने घेतलेले पैसे त्याच कार्डावर मशीनमधून परत करावेत, गल्ल्यातून रोख देऊ नयेत. त्याच दिवशी, हिशेब बंद होण्यापूर्वी व्यवहार रद्द केला तर सहसा शुल्क लागत नाही. नंतर परतावा दिल्यास कापलेले शुल्क परत मिळते का, हे बँकेला आधीच विचारावे.

गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले आणि मशीनवर व्यवहार झालाच नाही असे दिसले, तर दुकानात वाद वाढू देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार त्याच्या बँकेने व्यवहारानंतर पाच दिवसांत ते पैसे आपोआप परत करायचे असतात आणि त्यापुढे दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची असते. नकाराची स्लिप त्याला द्यावी आणि माल मात्र दुसऱ्या मार्गाने पैसे आल्यावरच सोडावा. स्लिपांचा कागद उष्णतेने पुसट होतो, म्हणून मोठ्या बस्त्याच्या स्लिपेची झेरॉक्स बिलाला टाचून ठेवावी. कार्डधारकाने महिन्या-दोन महिन्यांनी व्यवहार नाकारला तर बँक तीच मागते. आपले स्वतःचे पैसे अडकले आणि बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. मशीनसाठी अर्ज मात्र नवरात्रापूर्वी करावा, म्हणजे दिवाळीच्या किरकोळ विक्रीत दुकानातील मुलांचा हात बसेल आणि तुळशीच्या लग्नानंतर पहिला बस्ता येईपर्यंत जमा होणारी रक्कम बिलांशी जुळते की नाही, हे आपल्याला कळलेले असेल.